नकाशाची डावी कड

माझी बायको नकाशा जोडायची असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कागद, कात्री आणि डिंक येतो. तसं काही नव्हतं. नकाशा खूप मोठा होता आणि तो कॉम्प्युटरमध्ये होता, लहान स्कॅनरवर तुकड्यातुकड्याने स्कॅन केलेला. ते वीसेक तुकडे एकमेकांशेजारी नीट बसवून त्यांचं एक अखंड चित्र करायचं, असं ते काम.

आम्ही मूळचे पुण्याचे. कारखान्याने माझी बंगळूरला बदली केली, माझ्यामागून ती आली, आणि मी निवृत्त झाल्यावर परत जायचं होतं ते राहूनच गेलं. जयनगरात पहिल्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर आहे. ती इंदिरानगरातल्या एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगचं काम करायची. टी-स्क्वेअर आणि रोट्रिंगच्या पेनांपासून सुरुवात केलेली, मग कॉम्प्युटर आले तशी तेही शिकली. आर्किटेक्टना वयामुळे जमेना तेव्हा त्यांनी ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना सांगितलं, ज्याला जे हवं ते न्या. कुणी खुर्ची नेली, कुणी कपाट. हिने आपला कॉम्प्युटर आणला, ऑटोतून, मॉनिटर मांडीवर घेऊन. तेव्हाच तो म्हातारा होता. त्याच्या डब्याची एक बाजू कायमची उघडी असायची आणि तिच्यासमोर आम्ही टेबलफॅन लावायचो, नाहीतर तो तापून बंद पडायचा. मुलगा पुण्याहून फोनवर दर वेळी म्हणायचा, नवा लॅपटॉप घेऊन देतो. ती म्हणायची, याची बटणं माझ्या हाताला माहीत आहेत.

नकाशाचं काम आलं ते पार्कात फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांकडून. ते बँकेतून निवृत्त झालेले, इथलेच कन्नड भाषिक, आणि त्यांना तलावांचं वेड. तलावाला इथे केरे म्हणतात. कुठे बसस्टँड आहे, कुठे मैदान आहे, तिथे पूर्वी कोणतं केरे होतं हे ते चालता चालता सांगत. त्यांच्या ओळखीच्या एका घरात शहराचा जुना छापील नकाशा होता, मागे कापड लावलेला, पलंगावर पसरला तरी खाली लोंबेल एवढा. त्यांनी तो कुठल्याशा दुकानात तुकड्यांनी स्कॅन करून आणला होता. एका शाळेच्या सभागृहात तलावांचं छोटं प्रदर्शन भरवायचं होतं, त्यासाठी तो सबंध मोठा छापायचा होता. बायकोने आनंदाने काम घेतलं. ऑफिस बंद झाल्यापासून ती जरा चुळबुळतच होती.

हे जोडकाम कसं चालतं ते मी तिच्यामागे उभा राहून पाहिलं होतं. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांवर चार बोटं रुंदीची पट्टी सारखीच असते. पहिल्या तुकड्याच्या उजव्या कडेला जे देऊळ आहे, तेच दुसऱ्याच्या डाव्या कडेलाही असतं. दुसरा तुकडा थोडा पारदर्शक करायचा, पहिल्यावर सरकवायचा, आणि देवळावर देऊळ, रस्त्यावर रस्ता येईपर्यंत एकेक ठिपका हलवायचा. स्कॅन करणाऱ्याने कागद तिरका ठेवला असेल तर तुकडा किंचित फिरवायचा. प्रत्येक हालचालीनंतर आमचा कॉम्प्युटर बराच वेळ विचार करायचा, आत घरघर व्हायची. तेवढ्यात ती भाजी चिरून यायची.

तुकड्यांची सगळ्यात वरची ओळ जोडून झाली आणि तिला पक्षाघाताचा झटका आला. सकाळची वेळ होती, ती डोशाचं पीठ ढवळत होती. पळी खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी आत गेलो, तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि म्हणाली, "काही नाही, पळी निसटली." तिचा चेहरा डावीकडे ओघळला होता. खालच्या शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीत होती, मला ओळखत होती, बोलत होती. मी उशी सारखी करत असताना तिने उजव्या हाताने स्वतःचाच डावा हात उचलला आणि विचारलं, "अहो, हा कुणाचा हात आहे?"

"तुझाच आहे."

"काहीतरीच काय. माझा इथे आहे," असं म्हणून तिने उजवा हात हलवून दाखवला.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, असं होतं. डोळे चांगले आहेत, बुद्धीही शाबूत आहे, पण डावीकडे काही असतं हेच तिच्या मेंदूला सुचत नाहीये. हाताची ओळख एकदोन दिवसांत पटेल. बाकीचं हळूहळू सुधारेल, किती ते आज सांगता येणार नाही.

हाताची ओळख खरंच लवकर पटली. घरी आल्यावर बाकीचं कळायला लागलं. केस विंचरले की उजवी बाजू चोपडून बसवलेली आणि डावी तशीच विस्कटलेली. वॉकर घेऊन चालताना प्रत्येक दाराच्या डाव्या चौकटीला धडक. मी पेपर समोर धरला तर "पाणीपुरवठा" ती नुसतं "पुरवठा" वाचायची आणि पुढच्या मजकुराशी कसाबसा अर्थ जुळवून घ्यायची. जेवायला बसली की म्हणायची, "आज लोणचं नाही वाढलंत? कोशिंबीरही नाही?" ताटाची सगळी डावी बाजू तिच्यासमोर वाढलेली असायची. मी ताट फिरवलं की ती चकित व्हायची, आणि मग चिडायची. मी गंमत करतोय असं तिला वाटायचं. तिचंही बरोबर होतं. जे नाहीच असं वाटतंय ते राहून गेलं हे माणसाला कळणार कसं?

दवाखान्याने एका थेरपिस्ट बाईंचं नाव सुचवलं. त्या आठवड्यातून तीनदा घरी यायच्या. तिशीतल्या, चामराजपेटला राहणाऱ्या. पहिल्या दिवशी आम्ही दोघं आपसात काहीतरी बोललो ते ऐकून त्या एकदम म्हणाल्या, "तुम्ही मराठी की? आम्ही पण मराठीच." त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं होतं की सुरुवातीला मला दर वाक्याला थांबायला लागायचं. माझी मराठी ऐकून त्या हसायच्या. "अण्णा, तुमची मराठी टीव्हीवरच्यासारखी हाय." बायकोला त्या अक्का म्हणायच्या. तिला ते आवडायचं.

त्या तिच्याकडून हाताचे व्यायाम करून घ्यायच्या आणि कागदावर चिन्हं खोडायला लावायच्या. पानभर चांदण्या छापलेल्या असायच्या, त्या सगळ्या खोडायच्या. बायको उजव्या अर्ध्यातल्या खोडून पेन्सिल खाली ठेवायची. "झालं." तिला याचा मनस्वी कंटाळा होता. चार दिवसांनी तिने कागद बाजूला सारला. "मी शाळेत आहे का?"

थेरपिस्ट बाईंनी वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, "ते कुणाचं, अण्णांचं?"

"माझं," बायको म्हणाली. "माझं काम अडलंय त्यावर."

काय काम, ते तिने सांगितलं. दमत दमत, पण सगळं सांगितलं. कड म्हणजे काय, जुळवायचं कसं, कुठली ओळ झाली, कुठली राहिली. बाई ऐकत होत्या. जाताना मला जिन्यात म्हणाल्या, "अण्णा, चांदण्या सोडा. त्यांना हेच करू दे. यात तर सगळं डावीकडेच बघायचं हाय."

मला ते पटलं नव्हतं. जिला लोणचं दिसत नाही तिला नकाशावरचं बोटभर देऊळ कसं दिसणार? पण दुसऱ्या दिवशी मी टेबलफॅन लावला, कॉम्प्युटर चालू केला, आणि तिला खुर्चीत बसवलं. उजवा हात चांगला होता, माउस तिने सहज धरला. खालच्या ओळीतला पहिला तुकडा उघडला. त्याच्या उजव्या कडेला रस्ता होता, त्याला एक वळण, आणि वळणावर विहिरीची खूण. ते तिने लगेच दाखवलं. मग त्याच ओळीतला पुढचा तुकडा उघडला आणि ती तीच विहीर शोधायला लागली. शोधायला लागली म्हणजे तुकड्याच्या उजव्या अर्ध्यात माउस फिरवत राहिली.

"यात नाहीये," ती म्हणाली. "हा तुकडा भलताच आहे. क्रमांक चुकलाय."

"आहे ग. ही काय."

"कुठे?"

"ही! डावीकडे!" मी पडद्यावर बोट आपटलं. मी ओरडलो असणार, कारण तिने माउस सोडला आणि हात मांडीवर घेतला.

थेरपिस्ट बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात पाठवायचं ठरवलं. "अण्णा, तुम्ही दाखवायचं नाही. तुम्ही चहा करायचा." त्यांनी पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली आणि मॉनिटरच्या डाव्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत लावली. बायकोला सांगितलं, प्रत्येक वेळी आधी ही पट्टी शोधायची. पट्टी दिसली म्हणजे कड आली. पट्टी दिसत नाही तोवर अजून डावीकडे जायचं. "स्वल्प, स्वल्प. घाई नको, अक्का."

कॉम्प्युटरलाही घाई नव्हती. ती दोघं एकमेकांना शोभायची. तिने एक कळ दाबली की तो घरघरायचा, तो थांबला की ती पट्टी शोधायची. एखाद्या सकाळी एकही तुकडा जागेवर बसायचा नाही. तरीही दहाच्या सुमाराला ती स्वतःहून म्हणायची, "फॅन लावा."

असे काही आठवडे गेले. मग एकाएकी तुकडे भराभर जुळायला लागले. दोन दिवसांत एक, मग रोज एक. मी कौतुकाने पाहत होतो. आत चहा ठेवायचो तोवर बाहेरून "बसला!" असा आवाज यायचा. मी मुलाला फोन करून सांगितलं की आई बरी होतेय. थेरपिस्ट बाईंनाही दारातच सांगितलं, की तुमची युक्ती लागू पडली, तिची डावी बाजू उघडली.

त्यांनी पिशवीतून पुन्हा तो चांदण्यांचा कागद काढला. बायकोने नाराजीने खोडायला घेतलं. डावीकडच्या सगळ्या चांदण्या तशाच राहिल्या. पहिल्या दिवशी राहिल्या होत्या तशा.

बाईंनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "अक्का, एक तुकडा माझ्यासमोर जोडा की."

बायकोने थोडे आढेवेढे घेतले. आज थकले आहे म्हणाली. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि मीही मागे उभा राहिलो. शेवटी तिने तुकडा उघडला, एका मेनूवर गेली, एक कळ दाबली. यंत्र घरघरलं, आणि तो तुकडा सबंध उलटा झाला. डोकं खाली, पाय वर. सगळी अक्षरं उलटी. डावी कड आता उजवीकडे आली होती. तिला देऊळ लगेच सापडलं. पहिला तुकडाही तिने तसाच उलटा करून उजवीकडे सरकवला, देवळावर देऊळ आणून बसवलं, आणि मग दोन्ही मिळून परत सुलटे केले. काम चोख होतं.

"अक्का!" थेरपिस्ट बाई ओरडल्या. "हे तर मोस केलं तुम्ही!"

मोस म्हणजे कन्नडमध्ये फसवणूक. बायको हसायला लागली. झटका आल्यानंतर ती एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. बाईही हसल्या. "ड्रॉइंगवाल्या बाईला शिकवायला आले मी," त्या म्हणाल्या. पण मग त्यांनी समजावलं. असं केलं तर नकाशा होईल अक्का, पण तुम्ही बऱ्या होणार नाही. मेंदूला डावीकडे जायला लावायचं हाय.

"मला नकाशा द्यायचाय," बायको म्हणाली. "लोक थांबलेत त्यासाठी."

मी मध्ये पडलो. "अग, नकाशा कुणाला हवाय? तो झाला काय आणि नाही काय. हे तुझ्यासाठी चाललंय सगळं."

तिचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "म्हणजे हे काम नाहीये? मला खेळ दिलाय तुम्ही दोघांनी?"

आम्ही दोघांनीही लगेच "नाही, नाही" म्हटलं, पण ते इतकं एकदम म्हटलं की तिला काय समजायचं ते समजलं. ती वॉकर घेऊन उठली, डाव्या चौकटीला धडकत आत गेली. बाईंनी पिशवी भरली. जिन्यात त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय अण्णा. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं त्यांना." मला वाटतं चूक तशी कुणाचीच नव्हती. पण त्यानंतर ती कॉम्प्युटरजवळ फिरकेना. दहा वाजायचे, मी फॅनकडे बघायचो, ती खिडकीकडे.

मला एकच उपाय सुचला. पार्कातल्या त्या गृहस्थांना फोन करावा, आणि त्यांनी येऊन तिला सांगावं की नकाशाची सगळे वाट बघताहेत. त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते हळूच म्हणाले, मीच येतो, फोनवर नको.

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. हातात वेलची केळ्यांचा घड आणि काखेत लॅपटॉप. आमच्याशी ते हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत. तब्येतीची चौकशी झाली, कॉफी झाली, आणि कप खाली ठेवून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा प्रदर्शन तोंडावर आलं होतं. त्यांच्या भाचीने ते सगळे तुकडे एका नव्या प्रोग्रॅममध्ये घातले आणि त्याने ते आपले आपणच जोडून दिले. प्रदर्शन होऊन गेलं. मॅडम दवाखान्यात असताना हे कसं सांगायचं म्हणून सांगितलं नाही, आणि मग सांगायचं राहिलं.

"किती वेळ लागला त्याला?" बायकोने विचारलं.

ते ओशाळून म्हणाले, "भाची म्हणते, तिची कॉफी संपायच्या आत झालं."

मी त्यांच्याकडे रागाने बघत असणार. तिने मात्र लॅपटॉप जवळ मागून घेतला. नकाशा मोठा केला आणि एकेक जोड तपासायला लागली. तिला दिसत होतं तेवढ्या भागातले. खूप वेळ. ते बिचारे खुर्चीच्या टोकावर बसून होते. शेवटी ती म्हणाली, "छान झालाय. माझ्यापेक्षा चांगला झालाय. मला ही रस्त्याची जागा एवढी साफ जमली नसती."

ते पुन्हा पुन्हा माफी मागत होते. तिने त्यांना प्रदर्शनाबद्दल विचारलं, किती लोक आले, मुलांना आवडलं का. जिन्यापर्यंत पोचवायला मीच गेलो. वर आलो तेव्हा मला वाटलं होतं ती रडत असेल. ती केळं सोलत होती, एका हाताने आणि दाताने.

"एक बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं?"

"आता कुणी थांबलेलं नाही."

सकाळी दहा वाजता तिने फॅन लावायला सांगितलं. मी उठून लावला. तिने फाइल उघडली आणि पहिल्यांदा काय केलं, तर उलटे करून जोडलेले सगळे तुकडे सोडवले. मेहनतीने बसवलेले, बिनचूक बसलेले. फक्त आजाराच्या आधी जोडलेली वरची ओळ ठेवली. मी म्हटलं, "अग, ते राहू दे की." ती म्हणाली, "ते मी बघून जोडलेले नाहीत." मग मला बजावलं की ती पुन्हा त्या मेनूकडे जायला लागली तर टोकायचं. हात सवयीने जाईल म्हणाली.

त्यानंतरचं काम फार हळू चाललं. पावसाळ्यात सुरू केलेलं, थंडीत जयनगरच्या फुटपाथवर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग दिसायला लागले तरी चालूच होतं. तिने स्वतःची एक रीत बसवली होती. उजव्या हाताचं बोट मॉनिटरच्या खालच्या चौकटीवर ठेवायचं, चौकटीवरून डावीकडे नेत नेत लाल पट्टीपर्यंत न्यायचं, नजर बोटामागून न्यायची, आणि पोचली की मोठ्याने म्हणायचं, "पट्टी." मग माउस घ्यायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचो. पट्टी. घरघर. पट्टी. कधी करंट जायचा, यूपीएस किंचाळायला लागायचा, आणि ती कॉम्प्युटर बंद पडायच्या आत फाइल सेव्ह करायची धडपड करायची. एकदा तेही साधलं नाही आणि दोन दिवसांचं काम गेलं. त्या वेळी तिने जे शब्द वापरले ते आर्किटेक्टच्या ऑफिसात शिकली असावी.

चिडायचो मीही, अजूनही. बाईंनी मला नियम घालून दिला होता की तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ते फार अवघड जायचं. समोर ढळढळीत तलाव दिसतोय आणि ती त्याच्या काठाकाठाने माउस नेऊन परत फिरतेय. अशा वेळी मी खाली जाऊन दूध आणायचो. घरात दूध असलं तरी आणायचो.

एका सकाळी मी कणीक मळत होतो तेव्हा तिने हाक मारली. "अहो, इकडे या. इथे बांध आहे!"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आलो. तुकड्याच्या अगदी डाव्या टोकाला, कागदाच्या पांढऱ्या किनारीला लागून, एका छोट्या केऱ्याचा बांध होता. तो तुकडा तिने आदल्या आठवड्यात कितीतरी वेळा उघडला होता.

"हा आधीपासून होता?" तिने विचारलं.

"होता."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला बोलायचं नाही असं सांगितलंय."

तिने बांधाच्या रेघेवरून बोट फिरवलं. "बरंच काही असणार मग," असं हळूच म्हणाली. म्हणजे नकाशात, की घरात, की आणखी कुठे, ते मी विचारलं नाही.

चांदण्यांच्या कागदावरही फरक पडायला लागला होता. डावीकडचे एकदोन रकाने राहायचे, पण बाकीचे खोडले जायचे. मी थेरपिस्ट बाईंना विचारलं, हे नकाशामुळेच ना? त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, असं छातीठोक नाही सांगता येत अण्णा. काही जणांचं आपलं आपणच सुधारतं. पण रोज उठून बसायला काहीतरी पाहिजे की माणसाला.

सगळ्या ओळी जोडून झाल्या तेव्हा नकाशाचे दोन भाग तयार होते, वरचा आणि खालचा. ते दोन एकत्र करायला गेलो आणि कॉम्प्युटरने हात टेकले. अख्खी दुपार घरघर केली आणि शेवटी मेमरी पुरत नाही असं सांगून प्रोग्रॅम बंद झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, त्या गृहस्थांच्या लॅपटॉपवर करू. ती नको म्हणाली. दोन्ही भाग पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही ऑटोने जयनगरच्या बाजारातल्या एका प्लॉटिंगच्या दुकानात गेलो आणि ते वेगवेगळे छापून आणले.

जेवणाच्या टेबलावर वरचा कागद पसरला. खालच्याची कड तिने स्टीलची जड पट्टी ठेवून कटरने कापली, उजव्या हाताने, अगदी जपून. मग दोन्ही जुळवून चिकटपट्टी लावायची होती, आणि कागद गुंडाळी होऊन परत वर येत होता. मी पुढे झालो. "थांबा," ती म्हणाली. तिने उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाला धरून उचलला आणि कागदावर ठेवला. तो पूर्ण उघडत नव्हता, बोटं आत वळलेली होती. तो घसरला. तिने पुन्हा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो पळून जाईल. या वेळी तो राहिला. कागद दबला आणि तिने चिकटपट्टी लावली.

दोन ठिकाणी जोड चुकले होते. एक रस्ता मध्येच केसभर सरकला होता, आणि एका केऱ्याच्या काठाला पायरी पडली होती. दोन्ही चुका डाव्या कडांच्या. तिने चष्मा लावून त्या मला दाखवल्या. दुरुस्त करू या का विचारलं तर म्हणाली, "नको. पुरे झालं आता. मला या शहराचा कंटाळा आलाय." नकाशाची गुंडाळी कपाटामागे उभी आहे. भिंतीवर लावायचा विषय कुणी काढला नाही.

आता ती काठी घेऊन चालते. संध्याकाळी थकली की डावी बाजू पुन्हा पुसट होते, तेव्हा मी तिच्या डावीकडून चालतो. थेरपिस्ट बाई आता महिन्यातून एकदाच येतात, आणि त्यातला निम्मा वेळ कामाच्या बोलण्यात जातो, कारण बायकोने नवं काम घेतलंय. बाईंचे पुष्कळ पेशंट चामराजपेटातले, मार्केटच्या आसपासचे. त्यांना त्या चांदण्या आणि इंग्रजी अक्षरं बघून कंटाळा येतो, काहींना भीती वाटते. म्हणून बायको त्यांच्यासाठी नवे कागद काढते. पानभर वांगी, त्यात लपलेली लिंबं शोधून खोडायची. पानभर कन्नड अक्षरं, ती मात्र बाईंकडून तपासून घ्यायची. परवा तिने शेवग्याच्या शेंगांचं पान केलं होतं. बाईंनी ते लांब धरून पाहिलं.

"अक्का, ह्या काठ्या हाइत का?"

"शेंगा आहेत. नुग्गेकाई."

"सरी, बरं. पण एकदोन स्वल्प वाकड्या करा की. एवढी सरळ शेंग मार्केटात कुणी घेत नाही."

बायकोने कागद घेतला, पेन्सिलने खुणा केल्या, आणि मला म्हणाली, "अहो, फॅन लावा."